सहादेवनानांचा पडदा

तिसगावच्या बाजारात ‘मंडपवाले नाना’ एवढं विचारलं तरी शेंबडं पोरगंसुद्धा गोडाऊन दाखवतं. पस्तीस वर्षं सहादेवनानांनी दुसऱ्याच्या दारात खांब रोवले. कुठल्या कार्यक्रमाला किती खुर्च्या लागणार, हे समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्यांना कळायचं. साखरपुड्याला दीडशे सांगितल्या तर दोनशे पाठवायच्या, कारण पाहुणे भावकीबरोबर शेजारीही घेऊन येतात. दहाव्याला शंभर पुरतात, कारण निम्मी माणसं उभ्या उभ्या तोंड दाखवून जातात. पुढाऱ्याच्या सभेला हजार मांडायच्या आणि आठशे तशाच झटकून परत आणायच्या. एवढा जाणता माणूस, पण घरच्या सुनेच्या बैठकीला खुर्च्या किती, हे काही त्यांना उमगेना. शेवटी पंचवीस मांडल्या. त्याही लाल.

बायको लंकाबाई दारात येऊन बघून गेली. "लाल कशाला? लगीन हाय का?"

"पांढऱ्या दहाव्याच्या असत्यात," नाना म्हणाले.

तुळशीचं लग्न व्हायचं होतं. त्यामुळे लग्नसराई सुरू नव्हती, खुर्च्या मोकळ्या होत्या आणि बैठकीत बसणारी माणसंही मोकळी होती. दोन्हीकडचे सोयरे अशा वेळी जमतात, चहा होतो, जुनं उकरलं जातं, पुन्हा चहा होतो, आणि मधला जाणता माणूस लेकीला ‘नांदायला’ पाठवायचं ठरवून जेवायला बसतो. निदान आजवर तसं होत आलं होतं.

सून मुक्ता नागपंचमीला माहेरी खर्ड्याला गेली, ती आलीच नाही. जाताना पोरं बरोबर नेऊ दिली नव्हती. नवरा गोरक्षनाथ, घरातला गोरख, म्हणजे नानांचा एकुलता एक मुलगा, म्हणाला होता, "पोरांची चाचणी हाय. तू जा." चाचणी झाली, सहामाही झाली, दिवाळी झाली. नऊ वर्षांची ज्ञानेश्वरी आणि सहा वर्षांचा पार्थ नानांपाशीच राहिले. मुक्ता रोज शाळा सुटायच्या वेळेला लंकाबाईच्या मोबाईलवर फोन करायची, आणि लंकाबाई तो उचलून काही न बोलता पोरांच्या हातात द्यायची.

आता मुक्ताचे वडील आबासाहेब चार माणसं घेऊन येणार होते. त्यांचं म्हणणं एकच. लेक नांदायला येणार नाही, पोरं द्या. नानांचंही म्हणणं एकच होतं, पोरं जायला नकोत. सुनेनं परत यावं हेही त्यात आलंच, पण मनातल्या यादीत ते दुसऱ्या नंबरला होतं, आणि पहिल्या नंबरनंतर बरीच जागा मोकळी होती.

*

नानांना उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मनापासून येत होती, ती म्हणजे सोंग. तरुणपणी गावातल्या भजनी मंडळाच्या सोंगी भारुडात ते बाई व्हायचे. मिशा ठेवूनच व्हायचे, कारण मिशा काढल्या तर वडील घरात घेणार नव्हते. लोक मिशांसकट ती बाई मानायचे. मंडळाचा म्होरक्या एकच नियम सांगायचा, "सोंग घेतलं की सोंगाचंच बोलायचं. पदरचं काही घालायचं न्हाई." मग घरोघरी टीव्ही आला, म्होरक्या गेला, मंडळाच्या टाळांना गंज चढला. नानांनी मंडपाचा धंदा टाकला आणि स्वतः नाचायचं सोडून दुसऱ्यांना नाचायला जागा करून देऊ लागले.

नातवंडं झाली आणि सोंग परत आलं. एका वरातीत फटाका उडून मरून रंगाच्या मखमली पडद्याला ताटाएवढं भोक पडलं होतं. गिऱ्हाईकाला तो पडदा चालेना, म्हणून नानांनी तो घरी आणला आणि पुढच्या खोलीत तारेवर टांगला. सोनेरी झालर तशीच होती. भोक पार्थच्या डोळ्याच्या बरोबर उंचीवर आलं. प्रेक्षक किती आलेत ते त्यातून बघता यायचं. बहुतेक वेळा एकच असायचा, मांडी घालून बसलेला, टोपी घातलेला.

खेळ तरी किती. खुर्ची उलटी केली की बैलगाडी, आडवी केली की गुहा, चार एकात एक घातल्या की नगरची एसटी. थैलीचा एक खेळ होता. नानांच्या जुन्या हत्याराच्या पिशवीत हात घालायचा, जे हाताला लागेल ते काढायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. नट निघो, बंद पडलेल्या माइकचं मुंडकं निघो, नाहीतर लंकाबाईची फुटकी बांगडी. आणि सगळ्यात लाडका खेळ ‘पुढं काय झालं?’ एकानं एक वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं ते उचलायचं.

"एक होता वाघ," नाना सुरू करायचे.

"त्याचं लगीन ठरलं," ज्ञानेश्वरी म्हणायची.

"त्याला खुर्च्या पायजे होत्या," पार्थ म्हणायचा. पोरगं धंद्यातच वाढत होतं.

"पुढं काय झालं?"

"नाना म्हणाले, ॲडव्हान्स आण."

मग वाघ ओरडायचा. कुठलीही गोष्ट असो, ससा असो, राजा असो, एसटीचा कंडक्टर असो, शेवटी वाघ यायचाच आणि ओरडायचाच. नाना कानामागे हात धरायचे. "कसा ओरडतो? न्हाई ऐकू आलं. मोठ्यानं. अजून मोठ्यानं." रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा आणि हसत पुढं जायचा. म्हातारा पोरात पोर झालाय, असं बाजारात लोक कौतुकानं म्हणत. नाना ते कौतुक मान खाली घालून घ्यायचे. लाजतात, असं लोकांना वाटायचं.

आता या वाघाचा जन्म कसा झाला, ते सांगितलंच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी, दिवेलागणीची वेळ. गोरख टेम्पो लावून मागच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं तिथून स्टीलचं ताट भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग दुसरा आवाज, ताटाचा नव्हता. पुढच्या खोलीत तीन वर्षांचा पार्थ खेळता खेळता थांबला. ज्ञानेश्वरीनं नानांकडं बघितलं. नानांनी दाराकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाले, "वाघ कसा ओरडतो रे पार्थ?"

पार्थ ओरडला.

"मोठ्यानं."

असा तो वाघ जन्मला. पुढं त्याला पडदा मिळाला, गुहा मिळाली, लग्नंही झाली, पण कामाची वेळ त्यानं बदलली नाही. मागच्या खोलीचं दार लागलं की पुढच्या खोलीत खेळ सुरू. स्वयंपाकघरात लंकाबाईनंही आपला मार्ग काढला होता. ती मिक्सर लावायची. शेंगदाण्याचं कूट करायची. त्या घरात तीन वर्षांत कुटाचा डबा कधी रिकामा दिसला नाही.

गोरख दारूला शिवत नव्हता. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात नाही. गावात ‘निर्व्यसनी पोरगं’ म्हणून त्याचं उदाहरण द्यायचे. हात उचलायचा तो पूर्ण शुद्धीवर, आणि त्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायचा, काच वर करून. सासऱ्यानं लग्नात दिलेलं घड्याळ होतं, आणि गोरख वस्तूला जपणारा माणूस. नानांनी एकदा दाराच्या फटीतून एवढंच बघितलं होतं, त्याला घड्याळ काढून टेबलावर ठेवताना. पुढचं बघायला ते थांबले नाहीत. वळून पुढच्या खोलीत आले आणि त्या दिवशी वाघाला दोनदा ओरडायला लावलं.

मुक्ता गेल्यापासून मागच्या खोलीत आवाज नव्हता. खेळ मात्र चालू राहिला, आणि नानांना पहिल्यांदाच तो निव्वळ खेळ म्हणून मिळाला. हे तीन महिने त्यांच्या आयुष्यातले बरे महिने होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. सुनेच्या जाण्यानं घरात शांतता आली असं म्हणायला तोंड कसं उघडणार? पण संध्याकाळी दोन पोरं पडद्यामागं खुसुखुसु हसायची. "नाना, तू बघू नको. हा आमचा आमचा खेळ हाय," पार्थ भोकातून ओरडायचा. नाना डोळ्यांवर टोपी ओढून बसायचे आणि खरंच बघायचे नाहीत. न बघण्याची त्यांना सवय होती.

*

बैठकीच्या आठ दिवस आधी नानांच्या डोक्यात कल्पना आली. मंडपवाल्याच्या डोक्यात येणारी कल्पना ती, तिला खांब मजबूत पण छप्पर कापडाचं. बैठकीत माणसं तोंडाला येईल ते बोलणार. त्यापेक्षा पोरंच समोर उभी करावीत. पोरं इथं कशी हसतात, कशी बोलतात, हे खर्डेकरांनी डोळ्यांनी बघावं. मुक्तानंही बघावं. खेळ बघून माणूस मऊ होतो. पस्तीस वर्षांत मंडपात मारामारीला उठलेली माणसं सनई लागली की खाली बसताना नानांनी बघितली होती.

गोष्ट ठरली सशाच्या लग्नाची. लग्नात वाघ पाहुणा म्हणून येतो, सगळ्यांना खाणार असतो, पण मंडपवाला अस्वल त्याला तुटक्या खुर्चीवर बसवतं आणि तो पडतो. सगळे हसतात. आठ दिवस तालीम झाली. पार्थ वाघ, ज्ञानेश्वरी ससाबाई नवरी आणि तीच अस्वल.

"नाना, खरंच मम्मी बघायला येणार?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"येणार तर. पुढच्या खुर्चीवर."

"मग पुढं काय झालं खेळता येईल? मधी बदललं तर चालेल?"

"चालेल की. पण नियम कोणता?"

"सोंगाचंच बोलायचं. पदरचं घालायचं न्हाई," दोघांनी एका सुरात सांगितलं.

*

रविवारी अकराच्या सुमाराला खर्ड्याची क्रुझर गाडी आली. आबासाहेब उतरले, पांढरंशुभ्र धोतर, कमी बोलणारा माणूस. मागोमाग मुक्ता उतरली. तीन महिन्यांत थोडी भरली होती. पोरं पळत जाऊन तिला बिलगली, तिनं दोघांच्या डोक्यांचा वास घेतला. नानांनी दुसरीकडं बघितलं आणि खुर्ची झटकली. झटकायची गरज नव्हती.

नानांनी खुर्च्या ओट्यासमोर अंगणात मांडल्या होत्या आणि पडदा सकाळीच खोलीतून काढून ओट्यावर बांधला होता. "हे काय, नाटक हाय का?" कुणीतरी विचारलं. "पोरांचं हाय थोडं. नंतर," नाना म्हणाले आणि पोरांना पडद्यामागं बसवून आले. "तुमचं नाव घेतलं की यायचं. तवर गप."

मधे बसले होते गहिनीनाथ मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी आजवर चाळीसेक संसार जुळवून दिले असं ते स्वतः सांगत. चहा झाला. मास्तर म्हणाले, "भांड्याला भांडं लागतं. आवाज होतो. म्हणून कुणी भांडी फेकून देतं का?"

"भांडी फेकली म्हणूनच आलोय, गुरुजी," आबासाहेब म्हणाले. "माझी लेक मार खाती. तीन वर्सं झाली."

"काय मार खाती?" गोरखचा मामा उसळला. "पोरगं निर्व्यसनी हाय आमचं."

"व्यसन असतं तर निदान सुटायची आशा हुती," मुक्ता म्हणाली. सगळी सभा तिच्याकडं वळली, कारण बाईनं बैठकीत बोलावं की नाही यावरच अजून गावाचं एकमत नव्हतं. तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

गोरख खाली मान घालून बसला होता. पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ. मास्तरांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "एखाद्या वेळी आवाज चढतो. हात न्हाई." अगदी शांतपणे म्हणाला. अर्ध्या सभेचा विश्वास बसला.

मग मास्तर नानांकडं वळले. "नाना, घरातलं वडीलधारं माणूस तुमी. तुमचा शब्द खोटा कुणी म्हणणार न्हाई. तुमच्या देखत गोरखनं कधी हात उचलला?"

अंगणात एक कोंबडी खुर्च्यांच्या पायातून फिरत होती. नाना तिच्याकडं बघत राहिले. ‘देखत’ म्हणाले मास्तर. घड्याळ काढताना बघितलं होतं, त्याच्यापुढचं नव्हतं. तीन वर्षं ते पडद्यासमोर बसले होते, पाठ मागच्या खोलीकडं.

"माझ्या देखत न्हाई," नाना म्हणाले.

मुक्तानं मान वर केली नाही. आबासाहेबांनी नुसता सुस्कारा टाकला. "झालं तर," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. चाळिसावर आणखी एक. "आता पोरीनं मोठं मन करावं. पोरांच्या तोंडाकडं बघावं."

"पोरांचंच बघा," नाना घाईनं म्हणाले. सगळं बरोबर चाललं होतं. "दहा मिनिटं बघा. कशी हायेत ती बघा. ज्ञानू, पार्थ, चला रं."

पडदा हलला. भोकातून एक डोळा दिसला, आणि माणसं हसली.

पडदा नजरेसाठी असतो, कानासाठी नसतो. ही गोष्ट मंडपवाल्याला कुणी शिकवायची? पण पस्तीस वर्षं पडदे बांधून नानांच्या ध्यानात ती आली नव्हती. पोरं पडद्यामागं तासभर बसली होती, आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ज्ञानेश्वरी पुढं आली. कपाळावर झालरीच्या मुंडावळ्या. "मी ससाबाई. आज माझं लगीन हाय. वाघ पाहुणा येणार हाय." लोक कौतुकानं सरसावून बसले. मुक्ताच्या तोंडावरही बारीक हसू आलं. नानांना वाटलं, जिंकलं.

"पुढं काय झालं?" नानांनी ठरल्याप्रमाणं विचारलं.

पार्थ आला. इथं त्यानं ओरडायचं होतं. तो ओरडला नाही. शांत चालत आला. हातावर बाटलीच्या टोपणाला रबर लावून केलेलं घड्याळ होतं. ते नानांनी तालमीत कधी बघितलं नव्हतं. त्यानं ते काढलं. जवळच्या खुर्चीवर ठेवलं. आधी उलटं पडलं, म्हणून परत उचलून काच वर करून ठेवलं.

"दार लाव," तो म्हणाला.

ज्ञानेश्वरी खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर घेतले, कोपरं पुढं. कुणी लहान पोर सशासारखं बसतं तसं ते नव्हतं.

"पोळी गार का हाय?" पार्थनं विचारलं. अगदी शांतपणे.

मागच्या खुर्चीवरचं कुणीतरी हसलं. मग पार्थ एकदम पळत पडद्याच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तोंडानं आवाज काढू लागला, घर्रर्र, घर्रर्र, थांबून पुन्हा घर्रर्र. "हे काय रे?" एकानं विचारलं. "आजीचा मिक्सर," पार्थ म्हणाला, आणि सगळी सभा हसली. दारात उभी असलेली लंकाबाई आत निघून गेली.

ज्ञानेश्वरी उठली. ओट्याच्या कडेला नानांची जुनी टोपी ठेवलेली होती. ती तिनं डोक्यावर घातली आणि लोकांकडं पाठ करून बसली. कानामागं हात धरला.

"वाघ कसा ओरडतो?" ती म्हणाली. आवाज नानांचा, अगदी घशातल्या खरखरीसकट. "न्हाई ऐकू आलं. मोठ्यानं. अजून मोठ्यानं."

आता पार्थ ओरडला. पूर्ण ताकदीनं ओरडला, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा अंगणात कुणीच हसत नव्हतं.

आबासाहेब त्या बाटलीच्या टोपणाकडं बघत होते. मग त्यांनी जावयाच्या मनगटाकडं बघितलं, आपण घेतलेल्या घड्याळाकडं. गोरखचा उजवा हात आपसूक त्याच्यावर गेला आणि त्यानं ते झाकलं.

चाळीस संसार जुळवलेला माणूस तसा हार जाणारा नव्हता. "पोरांचा खेळ हाय हा," मास्तर घसा खाकरून म्हणाले. "हल्लीची पोरं टीव्हीत बघत्यात, मोबाईलमधी बघत्यात, करत्यात. नाना, खेळच हाय ना हा? तुमीच बसवलाय ना?"

मास्तरांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं ‘व्हय’ म्हणायचं होतं. एवढं म्हटलं असतं तर बैठक मोडली नसती, जेवणं झाली असती, दोन्ही पोरं त्या रात्री पुढच्या खोलीत झोपली असती. गोरखनं बापाकडं बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर अजून टोपी होती. ती वळून नानांकडं बघत होती. रागानं नाही. खेळात दुसऱ्याचं वाक्य यायची वाट बघतात तशी.

"बसवला मी न्हाई," नाना म्हणाले. "पण पोरांनी पदरचं काही घातलं न्हाई."

*

पुढचं सगळं लवकर झालं. माणसं उठली की खुर्च्यांचा एक आवाज होतो, तो नानांनी आयुष्यभर ऐकला होता. गोरख टेम्पो काढून कुठंतरी निघून गेला. मास्तरांनी जेवणाचं विचारलं नाही. मुक्तानं आत जाऊन पोरांचे कपडे दोन पिशव्यांत भरले. लंकाबाईनं पार्थचा स्वेटर आणून दिला. पोरं मम्मीबरोबर जायचं म्हणून नाचत होती, आणि नानांनाही ‘चल’ म्हणत होती. नगरच्या एसटीत बसायचा खेळ असावा तसं पार्थ क्रुझरमधून ओरडत होता, "नाना, तुझी सीट हाय इथं."

मुक्ता शेवटी नानांसमोर येऊन उभी राहिली. वाकली नाही. नानांना वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी घेतल्या असत्या.

"उद्या शाळेतनं दाखले काढून ठेवा," ती म्हणाली. "बाकी काही नको."

क्रुझर गेली. नानांनी पंचवीस खुर्च्या एकात एक घालून रचल्या. एकीवर बाटलीच्या टोपणाचं घड्याळ राहिलं होतं. ते त्यांनी थैलीत टाकलं, नट-बोल्टात.

सोमवारी ते शाळेत गेले. बाईंनी दाखला लिहिता लिहिता विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू? ‘पालकांचे स्थलांतर’ लिहू का? इथं सगळ्यांचं तेच असतं." नानांनी मान डोलावली. लागोपाठ दोन दिवस माणूस किती खरं बोलणार?

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. गोरख बापाशी फक्त मंडपापुरतं बोलायचा, किती खांब, किती कनाती. बाजारात दोन तट पडले. म्हाताऱ्यानं पोटच्या पोराचं घर मोडलं म्हणणारा मोठा, आणि काही न म्हणणारा लहान. संध्याकाळी घरात काही आवाज नसायचा. लंकाबाईनं मिक्सर लावला नाही. कुटाचा डबा संपायला दीड महिना लागला. संपल्यावर तिनं तो घासून पालथा घातला. पडदा नानांनी गोडाऊनला नेऊन ठेवला, पण तार तशीच राहिली. लंकाबाई तिच्यावर टॉवेल वाळत घालू लागली.

जानेवारीत एका संध्याकाळी लंकाबाईचा मोबाईल वाजला. तिनं उचलला आणि, तिच्या सवयीप्रमाणं, काही न बोलता नानांच्या हातात दिला.

"नाना, गोष्ट सांग," पार्थ म्हणाला. "मम्मी हो म्हणाली."

नाना सावरून बसले. टोपी नीट केली. "एक होता वाघ," ते म्हणाले.

"वाघ नको."

तीन वर्षांत रचलेल्या गोष्टी नानांनी मनातल्या मनात चाळल्या. एकही वाघाशिवाय नव्हती.

"मग... एक होती मुंगी."

"ती ओरडती का?"

"न्हाई. मुंगीचा आवाज येत न्हाई."

पार्थनं जरा विचार केला. "मग तिला कुणी मारलं तर कळतं कसं?"

तेवढ्यात तिकडं खर्ड्यात कुणीतरी पार्थला जेवायला हाक मारली. तो फोन तसाच चालू ठेवून पळाला. ताट मांडल्याचा आवाज आला, वाटीत वरण ओतल्याचा, ज्ञानेश्वरी कशाला तरी नको नको म्हणत असल्याचा. मुक्ता कुणाशी तरी बोलता बोलता हसली. तिचं हसणं नानांनी नीट असं कधी ऐकलं नव्हतं.

लंकाबाईनं खुणेनं विचारलं, कोण बोलतंय? नानांनी हातानं तिला गप्प बसवलं आणि फोन कानाला घट्ट धरून, बॅटरी संपेपर्यंत ऐकत राहिले.